आधी डीपी बघा, मग चार्जर

आमच्या तालुक्याच्या मोंढ्यात आता बॅटरीवरच्या लोडिंग रिक्षा दिसू लागल्या आहेत. दुपारी सौदे आटोपले की त्यांतली एखादी आडत दुकानाच्या ओट्याला लागून उभी राहते. दुकानाच्या खिडकीच्या गजातून वायर बाहेर येते, त्याला एक्स्टेन्शन बोर्ड, आणि तिथून पुढे वायर वाटेवरून लोळत रिक्षापर्यंत. तिच्यावरूनच हमाल पाठीवर पोती घेऊन ये-जा करतात. रिक्षावाला दुकानदाराला रोजचे ठरलेले पैसे देतो. दोघांचं जमलंय, कुणाची तक्रार नाही. पण ती वायर दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. सार्वजनिक चार्जिंगची मराठवाड्यातली खरी गरज कुणाला आहे, हेही त्या वायरीवरूनच कळतं.

चार्जिंग स्टेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हायवेवरचं हॉटेल, त्याच्या आवारातलं उंच कपाट आणि जाड केबल लावून उभी असलेली मोटार येते. तसली स्टेशनं लागतातच. पण बीड, परभणी, हिंगोलीच्या तालुक्यांत बॅटरीवरच्या गाड्या म्हणजे मुख्यतः स्कूटर आणि तीनचाकी. त्यांना लागणारी सोय वेगळी, स्वस्त आणि सोपी आहे. ती का, हे समजायला विजेचं थोडं गणित लागतं. ज्यांनी कधी विहिरीवर मोटर बसवली असेल त्यांना ते निम्मं आधीच येतं.

धार आणि ड्रम

चार्जिंगच्या बोलण्यात दोन शब्द सारखे येतात, किलोवॅट आणि युनिट. दारात टँकर आलाय असं समजा. पाइपातून पाण्याची धार किती जोरात येते, ते किलोवॅट. तुमच्या ड्रममध्ये एकूण किती पाणी मावतं, ते युनिट. किलोवॅट-तास हा शब्द कुठे दिसला तर तोही युनिटच, लाईटबिलावर असतो तोच.

बॅटरी हा ड्रम. साध्या इलेक्ट्रिक स्कूटरचा ड्रम तीनेक युनिटचा असतो. प्रवासी किंवा लोडिंग रिक्षाचा सात ते दहा युनिटचा. लहान मोटारीचा चोवीस ते तीस युनिटचा, मोठ्या गाडीचा पन्नासच्या पुढे. एका युनिटवर स्कूटर पंचवीस-तीस किलोमीटर जाते, मोटार सहा-सात.

आता धार. घरातला जाड पिनांचा सॉकेट, ज्यावर आपण गिझर लावतो, जास्तीत जास्त ३.३ किलोवॅट देतो. स्कूटरचा सोबत मिळणारा चार्जर त्यातले पाऊणेक किलोवॅटच घेतो, म्हणून तिला चार-पाच तास लागतात. मोटारीसाठी घरी भिंतीवर बसवतात त्या चार्जरची धार ७.४ किलोवॅट. हायवेवरच्या कपाटाची ३०, ६०, १२० किंवा त्याहून जास्त.

मग सगळीकडे मोठीच धार का लावू नये? कारण किती वेगाने भरायचं हे शेवटी ड्रमचं तोंड ठरवतं. बॅटरीत डीसी वीज साठते आणि तारेतून येते एसी. साध्या सॉकेटवर एसीची डीसी करण्याचं काम गाडीतलं लहानसं यंत्र करतं, त्यामुळे वेग मर्यादित राहतो. कपाटाच्या आकाराचा डीसी चार्जर हे काम बाहेरच उरकतो आणि वीज थेट बॅटरीत सोडतो, म्हणून तो जलद. पण तिथेही किती घ्यायचं हे गाडीच सांगते. तीस किलोवॅटच घेऊ शकणारी लहान मोटार १२० किलोवॅटच्या चार्जरला लावली तरी तीसच घेणार. आणि बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की धार आपोआप बारीक होते. ड्रम काठोकाठ भरत आला की आपणही पाइप दाबून धरतो, तसंच. म्हणून जलद चार्जरवर गाडी ऐंशी टक्क्यांना काढून मागच्याला जागा द्यावी. शेवटच्या वीस टक्क्यांना तिथे फार वेळ जातो.

एका चार्जरमध्ये सोळा मोटरी

गावात किंवा तालुक्याला चार्जर लावायचा विषय निघाला की चर्चा जागा आणि अनुदान याभोवती फिरते. माझ्या मते पहिला प्रश्न विचारायचा तो डीपीचा, म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा.

हिशोब करून बघा. एक एचपी म्हणजे साधारण पाऊण किलोवॅट. म्हणजे ३.३ किलोवॅटचा सॉकेट पूर्ण भाराने चालला तरी पाच एचपीच्या मोटरीपेक्षा कमी. घरगुती ७.४ किलोवॅटचा मोटारीचा चार्जर म्हणजे दहा एचपीची मोटर, गावच्या पिठाच्या गिरणीएवढी. आणि ६० किलोवॅटचा जलद चार्जर? पाच एचपीच्या सोळा मोटरी, एकाच वेळी, एकाच डीपीवर चालू केल्यासारखं.

आपल्याकडच्या डीप्या बहुतेक ६३, १०० किंवा २०० केव्हीए क्षमतेच्या. शंभरच्या डीपीतून व्यवहारात नव्वदेक किलोवॅट मिळतात. तिच्यावर साठचा एक चार्जर बसवला की दोन तृतीयांश डीपी तोच खाणार. उरलेल्यात शे-दीडशे घरांचे पंखे, कूलर, गिरणी आणि पाणीपुरवठ्याची मोटर. त्रेसष्टच्या डीपीवर तर तो बसवायचा विचारच करायचा नाही. डीपी जळाली की दुसरी येईपर्यंत काय हाल होतात ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून मोठ्या चार्जरला स्वतंत्र डीपी आणि अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीवरून वेगळी जोडणी लागते. चार्जरच्या किमतीइतकाच हा मागचा खर्च महत्त्वाचा, आणि अंदाजपत्रकात नेमका तोच विसरला जातो.

उलट बाजूने बघा. पंधरा स्कूटर एकाच वेळी साध्या सॉकेटवर लावल्या तर भार होतो जेमतेम बारा किलोवॅट, दोन गिरण्यांपेक्षाही कमी. तीच डीपी, आणि पंधरा जणांची सोय.

आणखी एक गोष्ट. चार्जर गावठाणाच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून गावच्या वस्तीला येणाऱ्या वाहिनीवर हवा. शेतीच्या फीडरवर आठ तास वीज असते आणि वेळा बदलत राहतात, तिथे लोकांसाठीचं चार्जिंग टिकत नाही. पण मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचा भार दिवसा सौर प्रकल्पांवर जातोय, त्याचा आडून फायदा सगळ्यांना होऊ शकतो. रात्री मोटरी कमी चालल्या तर उपकेंद्रावरचा रात्रीचा ताण हलका होतो.

व्होल्टेज कमी झालं तर काय? मोटर घुरघुरते आणि जळते. चार्जर मात्र व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की स्वतःच थांबतो. गाडीचं नुकसान होत नाही, पण सकाळी उठून बघावं तर बॅटरी तिथल्या तिथेच. ज्याचं पोट त्या रिक्षावर आहे त्याची एक दिवसाची कमाई त्यात जाते.

गाडी जिथे उभी असते तिथे

मोटारवाल्याला जलद चार्जिंग लागतं, कारण तो कुठेतरी जात असतो. तालुक्यातल्या स्कूटरवाल्याची गोष्ट निराळी. सकाळी गावाकडून पंधरा-वीस किलोमीटर येऊन तो गाडी उभी करतो आणि संध्याकाळपर्यंत ती हलत नाही. तहसीलच्या आवारात, कॉलेजात, ग्रामीण रुग्णालयापुढे, बसस्थानकाजवळच्या स्टँडवर, जिथे गाडी लावून लोक एसटीने जिल्ह्याच्या गावी जातात. सात-आठ तास उभ्या गाडीला जलद चार्जर देणं म्हणजे तहानलेल्याला फायर ब्रिगेडच्या पाइपने पाणी पाजणं. तिला एक चांगला, सुरक्षित, सावलीतला सॉकेट पुरतो.

दुसरं असं की साध्या सॉकेटला कंपनीचं बंधन नाही. दुचाकी-तीनचाकींच्या जलद चार्जिंगच्या पिना अजूनही कंपनीगणिक वेगळ्या आहेत. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये हलक्या वाहनांसाठी एसी-डीसी एकत्र जोडणीचं मानक आणलं, पण सगळ्यांनी ते घेतलेलं नाही. मोटारींचा प्रश्न बराच सुटलाय, डीसीसाठी सीसीएस-टू आणि एसीसाठी टाइप-टू या जोडण्या जवळपास सगळीकडे चालतात. स्कूटर-रिक्षासाठी आज सगळ्यांना चालणारी एकच गोष्ट आहे, तीन पिनांचा जाड सॉकेट.

दिवसा उभ्या गाडीचा आणखी एक फायदा ऊन. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत चार्जिंगची वीज स्वस्त आणि इतर वेळी महाग ठेवण्याचं धोरण आहे. प्रत्यक्ष दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. शिवाय छतावर स्वतःचं सोलर बसवता येतं. आपल्याकडे एक किलोवॅटच्या पॅनलमधून दिवसाला साधारण चार युनिट मिळतात. नगरपरिषदेच्या छतावर पाच किलोवॅट बसवले तर वीस युनिट, म्हणजे सहा स्कूटर रोज पूर्ण भरतील. पाच किलोवॅटला पाचशे चौरस फूट जागा लागते. मराठवाड्यात पाण्याचं काही सांगता येत नाही, उन्हाची मात्र खात्री.

त्याच उन्हाचा त्रासही आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो तेव्हा तापलेली बॅटरी वीज कमी घेते, चार्जरही स्वतःला वाचवायला धार कमी करतो. उन्हात उघड्यावर बसवलेला चार्जर दुपारी निम्म्या वेगाने चालला तर तो बिघडलेला नसतो. पत्र्याचं शेड, त्याखाली वारा खेळता, आणि लांबून आलेली गाडी लगेच न लावता अर्धा तास थंड होऊ देणं, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

हायवेवर

जलद चार्जरची जागा हायवेवर आहे, आणि तिथे ते पुरेसे असणं गरजेचंच आहे. धाराशिव, बीड, गेवराई करत छत्रपती संभाजीनगरहून पुढे कन्नडकडे जाणारा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, नांदेडमार्गे नागपूरच्या दिशेने जाणारा ३६१ क्रमांकाचा, आणि जालना-संभाजीनगर जिल्ह्यांतून गेलेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, हे आपले मोठे रस्ते. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं उद्दिष्ट आहे, आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक मोटारी व बसना टोलमाफी आहे. गाड्या बनवणारे कारखानेही जवळ येत आहेत. एथर आणि टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरजवळ प्रकल्प जाहीर केले आहेत.

मला मात्र २५ किलोमीटरच्या आकड्यापेक्षा दुसऱ्या आकड्याची काळजी वाटते, लावलेल्या चार्जरपैकी चालू किती? एकदा रात्री साडेदहाला, कुटुंब गाडीत, बॅटरी अकरा टक्क्यांवर, अशा वेळी मी ॲपवर 'उपलब्ध' दिसणाऱ्या स्टेशनवर पोचलो. स्क्रीन चालू होता, पण चार्जरचं इंटरनेट बंद. ॲपला चार्जर सापडेना, पैसे भरता येईनात. फलकावरच्या नंबरवर फोन लागत राहिला, उचलला नाही. शेवटी शेजारच्या ढाब्याच्या मालकाने आतल्या सॉकेटवर गाडी लावू दिली आणि आम्ही रात्र तिथे खाटेवर काढली. पैसे विचारले तर म्हणाला, "राहू द्या, लेकरं झोपलीत, आधी त्यांना आत आणा."

हे का होतं, तेही समजून घ्यावं. जलद चार्जर हा एक संगणकच असतो, तो मोबाइलच्या नेटवर्कवरून दूरच्या सर्व्हरशी बोलतो. सर्व्हरने परवानगी दिली की वीज सुटते. जिथे मोबाइलला एकच कांडी असते तिथे हे बोलणं तुटतं. उपाय अवघड नाहीत. दोन कंपन्यांची सिमकार्डं घालता येतात. नेट गेलं तरी जागेवरचा माणूस कार्ड दाखवून चार्जिंग सुरू करू शकेल, अशी सोय ठेवता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्टेशन अशा जागी हवं जिथे रात्री माणूस जागा असतो. पेट्रोल पंप, ढाबा, एसटी स्टँड. कंत्राट देतानाच 'महिन्यातून इतके तास चालू नसेल तर इतका दंड' अशी अट घातली नाही, तर उद्घाटनाच्या रिबिनीनंतर तिथे कुणी फिरकत नाही.

गर्दीचाही विचार हवा. तुळजापूरला नवरात्रात, पैठणला नाथषष्ठीला, परळी, औंढा आणि वेरूळला महाशिवरात्रीला जे लोक येतात त्यांच्या हिशोबाने वर्षभर वीस चार्जर ठेवणं परवडत नाही. अशा ठिकाणी चार जलद चार्जर आणि वाहनतळावर भरपूर साधे सॉकेट ही जोडी बरी. दर्शनाच्या रांगेत चार-पाच तास जातातच.

कोण लावू शकतं, पैसा कुठून

यासाठी वीज विकण्याचा परवाना लागतो असा पुष्कळांचा समज आहे. लागत नाही. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. बचत गट, बाजार समिती, ढाबेवाला, ग्रामपंचायत, कुणीही चार्जिंग केंद्र काढू शकतं. अट सुरक्षेच्या आणि तांत्रिक नियमांची. चार्जिंगसाठी वेगळं मीटर मागता येतं, आणि ते जरूर मागावं. दुकानाच्या मीटरवरून चार्जिंगचा धंदा केला तर दर व्यापारी लागतो, चार्जिंगचा वेगळा दर हातचा जातो. २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार जोडणी शहरी पालिका क्षेत्रात ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत द्यायची आहे. नवी वाहिनी किंवा डीपी लागली तर वेळ वाढतो, म्हणून कोटेशन भरण्याआधी भार नीट ठरवावा.

सरकारी जागा असेल तर जागेचं भाडं आधी भरावं लागू नये, अशीही तरतूद आहे. केंद्राच्या सूचनांत सरकारी जागेसाठी दर युनिटमागे एक रुपया वाटा, असा नमुना दिलाय. गाड्या आल्या तर पैसे, नाही आल्या तर नाही. लहान नगरपरिषदांना हा नमुना सोयीचा आहे. अनुदानासाठी केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंगला २,००० कोटी रुपये ठेवले आहेत आणि त्यात चार्जरमागच्या डीपी, केबलसारख्या कामांनाही मदत धरलीय. आपल्या गावाचा प्रस्ताव करताना ही बाब मुद्दाम लिहावी.

पण अनुदान मिळालं म्हणून धंदा चालतो असं नाही. समजा, साठ किलोवॅटचा चार्जर लावला आणि दिवसाला चार मोटारी आल्या, प्रत्येकी पंधरा युनिट. साठ युनिट झाले. म्हणजे तो चार्जर चोवीस तासांत तासभरच पूर्ण भाराने चालला. मंजूर भारावरचा स्थिर आकार मात्र महिनाभराचा. त्याऐवजी दहा सॉकेट, प्रत्येकावर दिवसातून दोन गाड्या, चार-चार युनिट, तर ऐंशी युनिट होतात, तेही जवळजवळ निम्म्या भारात.

एक गोष्ट मला खुपते, ती लिहितोच. घरच्या मीटरवर गाडी भरली तर विजेवर जीएसटी नाही. बाहेर, सार्वजनिक ठिकाणी भरली तर सेवेवर १८ टक्के. ज्याच्या घराला अंगण आहे, स्वतःचं मीटर आहे, त्याला स्वस्त. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या रिक्षावाल्याला महाग. गाडीवर ५ टक्के आणि ती भरायला १८, हे बदलायला हवं.

जमिनीखालचं काम

शेवटचा विषय दिसत नाही, पण जीव त्यावर असतो. अर्थिंग. गाडीच्या धातूच्या भागात चुकून वीज उतरली तर ती माणसातून न जाता जमिनीत जावी, यासाठी ही वाट. आपल्याकडे खाली बेसॉल्टचा कातळ आणि मुरूम, वर काळी माती. पावसाळ्यात काळी माती ओली असते तेव्हा अर्थिंग उत्तम लागतं. एप्रिल-मेमध्ये तीच माती भेगाळते, कोरडी पडते, आणि जुलैत चांगलं निघालेलं माप उन्हाळ्यात बिघडतं. म्हणून खड्डा खोल हवा, त्यात ओल धरणारं मिश्रण हवं, आणि माप उन्हाळ्यात घ्यावं, जेव्हा ते सर्वांत वाईट असतं. जोडीला प्रत्येक सॉकेटवर ३० मिलीअँपिअरचं गळती ओळखणारं स्विच बसवावं. हमालाचा ओला पाय वायरीवर पडला तर क्षणात वीज तोडणारं तेच असतं. मोंढ्यातल्या त्या एक्स्टेन्शन बोर्डाला यातलं काहीच नाही.

तिथे काय करता येईल याचा मी हिशोब मांडलाय. लिलावाच्या शेडच्या भिंतीला सहा सॉकेट, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, वायर भिंतीतून नेलेली. सहाही एकदम पूर्ण भाराने चालले तरी वीस किलोवॅट. प्रत्येक फेजवर दोन-दोन वाटले तर दर फेजला तीसेक अँपिअर. शंभर केव्हीएच्या डीपीला दर फेजला सुमारे १३० अँपिअर झेपतात. आता एवढंच बघायचं राहिलंय की मेच्या रात्री आठला, सगळे कूलर चालू असताना, त्या डीपीवर आधीच किती भार असतो. शंभरच्या आत असेल तर सहा सॉकेट बसतात, वर असेल तर तीनच बसवायचे, नाहीतर ते फक्त दुपारी चालू ठेवायचे. वायरमनला सांगून ठेवलंय, येत्या उन्हाळ्यात टंग टेस्टर (तारेभोवती धरून अँपिअर मोजायचं यंत्र) लावून तिन्ही फेजचं माप आठवडाभर वहीत लिहून द्यायचं त्याने कबूल केलंय.